उगवतीकडच्या चिंचा

चांपा मागे टाकलं की उमरेडच्या वाटेवर आता एक ढाबा लागतो आणि त्याच्यासमोर, सिमेंटच्या रस्त्याच्या कडेला, कुणीतरी एक भलीमोठी पाटी रोवून ठेवली आहे. ‘या मार्गाचा इतिहास’ असं वर लिहिलंय. माझ्या भाच्यानं परवा मुद्दाम गाडी थांबवून मला ती वाचायला लावली. मी वाचली. भोसल्यांच्या फौजा इथून गेल्या म्हणे. इंग्रजांनी गिट्टी टाकली, भिवापूरची मिरची आणि नागभीडपलीकडचा तांदूळ या रस्त्यानं नागपूरला आला, मग डांबर आलं, मग हे सिमेंट आलं, आणि पाटीच्या मते सगळ्यांचं भलं झालं. खाली एका ट्रॅक्टरचं चित्र. मला त्या पाटीवर थुंकावंसं वाटलं. या वयात नेम चुकेल म्हणून राहू दिलं.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. नागपूरच्या नंदनवन भागात राहतो, माझे डोळे दाखवायला मला नागपूरला नेतो आणि परत उमरेडला आणून सोडतो. मुलगा वाईट नाही. पण गाडी दिघोरीच्या बाहेर पडली की त्याच्या अंगात येतं. बघ आत्या, खड्डा नाही. बघ, पोटातलं पाणी हलत नाही. आजोबांच्या काळात बैलगाडीनं रात्र जायची ना, आता चहा निवायच्या आत पोचतो. मी खिडकीबाहेर बघत बसते. मला हा रस्ता आवडत नाही, आवडून घ्यायची इच्छाही नाही, आणि म्हातारपणी माणसानं सगळ्यांना क्षमा करावी असं जे लोक सांगतात त्यांचे बाप बहुधा घरीच राहिले असावेत.

माझ्या लहानपणी हा रस्ता नाकानं ओळखता यायचा. डोळे मिटून गाडीत पडलं तरी कुठवर आलो ते कळायचं. सक्करदऱ्याला तलावाच्या शेवाळाचा वास. दिघोरीच्या नाक्यावर बैलांच्या मुताचा आणि गुळाच्या चहाचा. पाचगावच्या पुढे कुठेतरी नुसता भिजल्या मातीचा, आणि चांप्याच्या जंगलात उन्हाळ्यात मोहाचा, इतका गोड की मायला मळमळायचं आणि ती नाकाला पदर लावून बसायची. मिरचीच्या दिवसांत भिवापूरकडून गाड्या यायच्या. त्या उमरेडमधून गेल्या की गावातली म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, देवळातला पुजारी, सगळे शिंकत सुटायचे, आणि शिंकांवरून कळायचं की गाड्या कुठल्या आळीपर्यंत पोचल्या. आता मिरची बंद ट्रकमधून जाते. कोणी शिंकत नाही. गावाला स्वतःचा सर्दीपडशाचा हक्कही उरला नाही.

उमरेड जवळ आलं की मात्र आंबूस वास यायचा. तो आमचा वास. तांदळाच्या कण्या शिजवून दोन दिवस आंबवल्या की त्याची खळ होते, आणि आम्हा कोष्ट्यांच्या घराघरात ती मोठ्या मडक्यांत ठेवलेली असायची. परक्या माणसाला त्या वासानं ओकारी यायची. मला अजून कुठे शिळ्या पेजेचा वास आला तर भूक लागते.

ती खळ रस्त्यासाठी होती. म्हणजे पाजणीसाठी. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांना सांगते. धोतराचे उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर चढवायच्या आधी त्यांना खळ पाजावी लागते, नाहीतर सूत फुसकं राहतं आणि विणताना पटापट तुटतं. ताणा लांबच लांब असतो, तो घरात मावत नाही. म्हणून गावाबाहेर, नागपूरच्या रस्त्याच्या कडेला, दोन रांगांनी उभ्या असलेल्या जुन्या चिंचांखाली आम्ही तो बांबूच्या घोड्यांवर ताणून बांधायचो. उजाडता उजाडता. बा एका बाजूनं, त्याचा जोडीदार दुसऱ्या बाजूनं, दोघांच्या हातात मुळ्यांचा भला मोठा कुंचा, आणि दोघं पाऊल जुळवून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खळ ओढत जायचे. सर्र, सर्र असा आवाज. मी आणि माय मागून तुटलेले धागे सांधत चालायचो. चिंचेची बारकी पानं ओल्या सुतावर पडायची आणि ती मला नखानं उचलावी लागायची. बाची नजर पाठीवर असायची. एक पान राहिलं तर तो ओरडायचा नाही, थांबायचा, आणि मी परत येऊन ते पान उचलेपर्यंत कुंचा धरून उभा राहायचा. त्यापेक्षा त्यानं ओरडलेलं बरं असं मला वाटायचं.

सावली लागायची, कारण ऊन पडलं की खळ कडक होते आणि धागा काडीसारखा मोडतो. वारा नको असायचा. आणि सगळ्यात नको असायची ती धूळ. ओल्या ताण्यावर धूळ बसली की ती मागाच्या फणीत अडकून सूत कापते. म्हणून पाजणीच्या सकाळी रस्त्याला एक रीत होती. नागपूरकडे निघालेला गाडीवान लांबून आमच्या घोड्या पाहायचा, खाली उतरायचा, बैलांचे कासरे हातात घ्यायचा आणि पायीपायी, धूळ उडणार नाही असा, गाडी पुढे न्यायचा. मागच्या गाडीवानाला तो हळूच सांगायचा, ‘पाजणी हाये जी.’ तो त्याच्या मागच्याला सांगायचा. ते दोन शब्द गाडीमागून गाडीला पोचत लांब जायचे आणि मग ऐकू येईनासे व्हायचे. आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं त्यांत. कोणी तेली, कोणी कुणबी, कोणी धानवाले. कोणी त्यांना भाग पाडलं नव्हतं आणि आम्ही त्यांना काही देतही नव्हतो.

दुसरी रीत आणखी कडक होती. ताणलेला ताणा ओलांडायचा नाही. पलीकडे जायचं असेल तर टोकापर्यंत चालत जाऊन वळसा घ्यायचा. वरातीला वळसा, शाळामास्तरला वळसा. एकदा एक तिरडी आली होती. तिच्या खांदेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि शेतातून फेरा घेतला. ओलांडलेल्या ताण्याचं कापड नेसणाऱ्याला लाभत नाही असं आमच्यात मानतात. उमरेडचं रेशीमकाठी धोतर नागपूरच्या इतवारी बाजारात नावाजलेलं होतं, आणि कोण्या शेठजीच्या अंगावर आपल्या पायाचा दोष जाऊ नये याची काळजी आम्ही करायचो. त्या शेठजींनी आमची किती केली ते जाऊ द्या.

मायला त्या काळात एकच धास्ती होती. बाचा थोरला भाऊ माग विकून नागपूरला गिरणीत गेला होता. पोळ्याला यायचा तेव्हा ओसरीवर बसून खोकत राहायचा, आणि खोकून झालं की रुमालात काय पडलं ते न बघता घडी घालायचा. गावातले आणखी काही जण त्याच्या मागे गेले. माय बाला दर वेळी एकच गोष्ट कबूल करून घ्यायची: काही झालं तरी मागावरून उठायचं नाही. बा कबूल करायचा. मनापासून करायचा, ते मी पाहिलंय. आपण इथेच मरू, या खड्ड्यात पाय सोडून, असं तो मागाच्या खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणायचा, आणि माय मरणाची गोष्ट ऐकून खूश व्हायची.

आणि हाच माणूस डांबरासाठी वेडा झाला होता. धूळ जाईल म्हणून. स्वराज्य आल्यावर उमरेडला जो कोणी पुढारी यायचा, त्याच्या सभेत बा शेवटी उभा राहायचा आणि हात जोडून विचारायचा की नागपूरचा रस्ता काळा केव्हा होणार. लोक हसायचे. धूळ म्हणजे आपली सवत आहे, ती गेली की ताणा दुधासारखा निघेल, असं तो घरी सांगायचा. माय म्हणायची, धूळ पुसता येते. तिला रस्त्याचं काही कळत नव्हतं, ती नुसती नव्या गोष्टीला भीत होती, असं आम्ही सगळे समजत होतो. मीही. बा सांगेल ते मला खरं वाटायचं.

मग एका हिवाळ्यात खरंच डांबर आलं. नागपूरकडून येत येत. आधी पिंपं आली, मग धूर आला, मग तो वास. तो वास मला आजही आला की मी खिडकी बंद करते. रस्त्याच्या कामावर आलेले लोक चिंचांखाली राहिले, आमच्याच जागेत, त्यांच्या चुली आमच्या घोड्यांच्या खुंट्यांशेजारी. त्यांचा मुकादम हिंदी बोलणारा, गोड तोंडाचा माणूस होता. बानं त्याला ओसरी दिली. रोज त्याच्यासाठी मायनं भाकऱ्या भाजल्या आणि आंबाडीची भाजी केली. तो जेवताना मायला म्हणायचा, भाभी, तुम्हारे हाथ की भाजी कहीं नहीं मिलेगी. माय आत पुढची भाकरी थापायची. लोखंडी रोलर पहिल्यांदा गावापर्यंत आला तेव्हा बानं त्याला नारळ फोडला. मी ते खोबरं खाल्लं. गोड होतं.

रस्ता रुंद करायचा म्हणून झाडं जाणार असं तेव्हाच ऐकू येऊ लागलं. बा मुकादमाकडे गेला आणि संध्याकाळी हसत घरी आला. येताना त्यानं गूळ आणला होता आणि तो माझ्या तळहातावर ठेवला.

‘एक रांग राहून राहिली वं,’ तो मायला म्हणाला. ‘मुकादमानं शब्द देला.’

‘कोणती?’ मायनं विचारलं.

‘कोणती काय? दोन्ही आपल्याच.’

माय त्याच्याकडे बघत राहिली. मला तेव्हा तिचा राग आला होता, चांगल्या बातमीवर ती असं तोंड करते म्हणून. गूळ जिभेवर होता आणि तो कडू लागला असं मी आज लिहिलं तर ते खोटं होईल.

उगवतीकडची रांग गेली. कुऱ्हाडीचे आवाज कितीतरी दिवस येत होते. एकेक चिंच पडली की जमीन हादरायची आणि आमच्या मडक्यांतली खळ डुचमळायची. कच्च्या चिंचांचा आणि ओल्या लाकडाचा इतका आंबट वास सुटला की गावभर तोंडाला पाणी सुटत होतं, आणि पोरं पडलेल्या फांद्यांवरून चिंचा तोडत होती, सण असल्यासारखी. मुकादमानं शब्द मोडला नाही. मावळतीकडची रांग त्यानं खरंच राहू दिली. बा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला तेव्हा तो हसून म्हणाला, एक लाईन तो छोड दी ना, दादा. त्याला काय माहीत की मावळतीच्या झाडांची सावली दुपारी आमच्या पाजणीच्या जागेवर पडते, आणि दुपारी वारा सुटलेला असतो. सकाळचं कोवळं ऊन आता थेट शेतावरून ताण्यावर येणार होतं. हे एखाद्या कोष्ट्याला सांगावं लागत नाही. आणि कोष्टी सोडून कोणाला सांगून उपयोग नाही. बाला ते माहीत होतं, आमच्या आळीतल्या पोराटोरांना माहीत होतं, आणि बानं एक शब्द विचारायचा तो विचारला नव्हता, कारण त्याला वाटलं की झाड वाचवणाऱ्या माणसाला हे आपोआप कळत असेल.

धूळ मात्र गेली. रस्ता काळा, तुळतुळीत, पुसल्यासारखा. बाच्या मनासारखं झालं.

पुढचे काही महिने मी कधी विसरणार नाही. आम्ही आणखी लवकर उठायला लागलो. झुंजुमुंजु व्हायच्या आधी घोड्या बांधायच्या, आणि ऊन शेताच्या बांधावर आलं की बा पळू लागायचा. पाजणीत पळतात का कधी? त्याचं पाऊल जोडीदाराशी जुळेना. ऊन ताण्यावर चढलं की धागे आवाज करून तुटायचे, टिच, टिच, आणि मी आणि माय हात चालवून थकायचो. सांधलेला धागा कुंच्याच्या पुढच्या फेरीत परत तुटायचा. मी रडायला लागले की माय म्हणायची, रडू नको, ओलं होईल. तिनं एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हटलं नाही. तिनं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, बाला भांडायला कोणी मिळालं असतं.

आणि गाडीवान उतरेनासे झाले. धूळच उडत नव्हती, तर उतरायचं कशाला? त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. ‘पाजणी हाये जी’ मी त्या वर्षी एकदाही ऐकलं नाही. नंतर मोटारी वाढल्या. भिवापूरचे ट्रक भोंगे वाजवत जायचे आणि त्यांच्या वाऱ्यानं ताणा झोक्यासारखा हलायचा.

त्या सकाळी आला तो ट्रक मिरचीचाच होता. समोरून आलेल्या गाडीला वाट द्यायला तो डांबरावरून खाली उतरला आणि आमची शेवटची घोडी त्याच्या चाकाखाली गेली. ताणा सैल होऊन ओला, तसाच डांबरावर पडला. लागलं कोणाला नाही. ड्रायव्हर थांबला, खाली उतरला आणि भांडायला लागला, कारण तोही घाबरला होता.

‘रस्त्यावर काहून पसरवून ठेवलं गा? रस्ता काय तुह्या बापाचा हाये?’

बा पलीकडच्या बाजूला होता, कुंचा हातात. मला वाटलं आता मारामारी होणार, आणि खरं सांगते, मला ती हवी होती. बानं कुंचा खाली ठेवला. मग तो निघाला, वळसा न घेता, सरळ. एक पाय उचलून त्यानं ताणा ओलांडला, आपलाच, आणि ड्रायव्हरसमोर जाऊन उभा राहिला. आमची आळी तिथे होती. 

‘नागपूरले जाऊन राहिला का?’ बानं विचारलं.

ड्रायव्हर गोंधळला. हो म्हणाला.

‘मंग मले ने.’

कोपरापर्यंत खळ माखलेल्या हातांनी तो ट्रकच्या पुढच्या बाजूला चढून बसला. मायकडे त्यानं पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. आम्ही दोघींनी ताणा गोळा केला. त्याला डांबर लागलं होतं, मिरचीचं बी चिकटलं होतं, आणि माझे हात पुढचे दोन दिवस आगीसारखे जळत होते. तो परत आला तो कपडे न्यायला. भावाच्या ओळखीनं गिरणीत त्याचं नाव लागलं होतं.

लोक सांगतात, रस्त्यानं गावं जवळ येतात. गाडीवाटेनं रात्र घालवून नागपूरला जाणारा माझा बाप दर बाजाराच्या फेरीनंतर घरी यायचा. त्याच्या अंगाला बैलांचा वास यायचा आणि पिशवीत शेव असायची. बस सुरू झाली आणि तो सणासुदीला येऊ लागला. मी नकाशे शिकलेली नाही, पण एवढं अंतर मला मोजता येतं.

पहिल्या दिवाळीला तो आला तेव्हा मी धावत बसपर्यंत गेले. त्याच्याबरोबर घरी आले, बडबड करत. माय दारात उभी होती. तिची नजर आधी त्याच्या तोंडावर गेली, मग खाली, आणि तिथे थांबली. त्याच्या अंगावर गिरणीचं धोतर होतं. छापलेल्या काठाचं, पातळ, एका धुण्यात विटलेलं. उमरेडचा कोष्टी गिरणीचं धोतर नेसून आपल्या घरात शिरत होता. त्याला ते जाणवलंसुद्धा नव्हतं. तिथे सगळे तेच नेसत असतील.

माय आत गेली. तिनं पाट मांडला. आमच्याकडे घरची माणसं पाटावर बसत नाहीत, भुईवर बसतात, पाट पाहुण्याला. तिनं ताट वाढलं, त्याभोवती पाणी फिरवायला तांब्या ठेवला. बा पाटाकडे बघत क्षणभर उभा राहिला आणि बसला. जेवताना मुंडी वर केली नाही. घरच्या माणसाला आग्रह करत नाहीत, त्याला हवं ते तो मागून घेतो किंवा उठून घेतो. माय चुलीपाशी बसून त्याच्या ताटाकडे बघत होती. भाजी संपली तशी ती मला म्हणाली:

‘पाहुण्याले भाजी वाढ वं. लाजून राहिले ते.’

मी वाढली. बानं हात आडवा केला नाही. तो ती भाजी सगळी खाऊन उठला, हात धुतले, आणि संध्याकाळच्या बसला माय त्याला पोचवायला गेली. बस येईपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहिली. दिवाळीनंतर तिनं मागाचा खड्डा बुजवला. रस्त्याच्या कडेला उरलेली गिट्टी टोपल्यांनी आणून, वर माती टाकून, सारवून. त्या जागी मी अजून झोपते.

मला बाचाही राग येतो. तो गरीब होता, भोळा होता, हे सगळं खरं आहे, आणि तरी येतो. ताण्यावरून त्यानं टाकलेला पाय मला आजही दिसतो. रस्त्याला तर मी माफ करणार नाहीच. त्या चिंचांची मावळतीकडची रांग पुढे कधीतरी गेली. ती केव्हा गेली ते मला आठवत नाही, कारण तोवर तिच्याखाली कोणी काही ताणत नव्हतं.

परवा पाटीपासून निघाल्यावर भाच्याला मी हे थोडं सांगितलं. सगळं नाही. त्यानं गाडी चालवत ऐकलं आणि विचारलं, आजोबा मग येत होते का घरी? मी म्हटलं, यायचा, बसनं, सणाला. तो म्हणाला, मग बरंच झालं ना आत्या, रस्ता झाला ते. नाहीतर तेवढेही आले नसते.

उमरेडला पोचलो, दार उघडलं, त्याचे हातपाय धुवून झाले. मी त्याला पाट मांडला. आंबाडीची भाजी होती, ती वाढली. तो भुकेला होता, मान खाली घालून खात होता, आणि खाली घातलेली मान अगदी बाची होती. भाजी संपली तशी मी परत वाढली. तो नको म्हणाला तरी वाढली.

‘आत्या, किती आग्रह करून राहिली वं,’ तो हसत म्हणाला.

‘करावा लागते,’ मी म्हटलं.